लाटणं थांबलं की

पुंडलिकनगरातल्या आमच्या मेसवाल्या काकूंची शाळा चौथीतच सुटलेली. तरी गल्लीतल्या पोरांचे नोकरीचे अर्ज त्यांच्या स्वयंपाकघरातून पास झाल्याशिवाय कुठल्याही कंपनीत जात नसत. काकू पोळ्या लाटत बसायच्या आणि आपण समोर बसून अर्ज मराठीत वाचून दाखवायचा. लाटणं चालू राहिलं तर वाक्य ठीक. लाटणं थांबलं की ते खोडायचं. ही पद्धत कुणी सुरू केली ते मला माहीत नाही, मी गेलो तेव्हा ती चालूच होती.

‘मेहनती’ या शब्दावर लाटणं हमखास थांबायचं. “मी आळशी हाये, आसं कुनी लिवतं का रं?” काकू विचारायच्या. माझ्या खोलीतल्या सोबत्यानं एकदा ऐटीत वाचलं, ‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत.’ लाटणं थांबलं. “कशावरून?” बिचारा डोकं खाजवत बसला. शेवटी आठवलं की कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आचारी ऐन वेळी आला नव्हता, तेव्हा यानंच आठ पोरं गोळा करून सगळ्यांना जेवू घातलं होतं. “मग त्येच लिव्ह की. गुनबिन त्यांचं ते बघतील,” असं म्हणून काकूंनी त्याच्या ताटात एक पोळी जास्तीची टाकली. तोंडानं कौतुक करणं त्यांना जमत नसे.

माझी कैफियत जरा नाजूक होती. बीएस्सी झाल्यावर दोन वर्षं मी पिशोरला घरच्या अद्रकीच्या शेतात काढली होती आणि त्याची मला लाज वाटायची. वडिलांनी बजावलं होतं, “दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर गावाकडं ये.” दसरा उलटून गेला होता. एका मसाल्याच्या कंपनीत कच्चा माल तपासणारा माणूस हवा होता आणि माझ्या हातात तेवढा एकच अर्ज उरला होता. मी वाचलं, ‘ही दोन वर्षे मी व्यक्तिमत्त्व विकासासाठी दिली.’

लाटणं थांबलं.

“दोन वर्सं काय करत व्हतास?”

“घरीच होतो, काकू.”

“घरी म्हंजी? झोपून?”

मग सगळं बाहेर आलं. अद्रक धुऊन घ्यायची, पंधरा बायकांकडून निवडून घ्यायची, सड लागलेला गड्डा नखानं खरवडून, वास घेऊन ओळखायचा. मी बाजूला काढलेला माल वडील पुन्हा बघतसुद्धा नसत. बोलता बोलता तव्यावरची पोळी करपली, तरी काकू ऐकत राहिल्या.

“लई शाना हायेस. जे येतं त्येच लपवून ठिवलंस व्हय?”

मग अर्जात मी अद्रकीचंच लिहिलं. मुलाखतीत साहेबांनी डिग्रीबद्दल एक शब्द विचारला नाही. अर्धा तास आम्ही सड या एकाच विषयावर बोललो. दिवाळीला मी पिशोरला गेलो तो नेमणुकीचं पत्र घेऊन. परत आलो तेव्हा काकूंनी माझ्यापुढे न विचारता दोन पोळ्या जास्तीच्या वाढल्या.

पुढं त्यांचं मनगट गेलं आणि मेस बंद झाली. मुलगी त्यांना जालन्याला घेऊन गेली. निघताना त्यांनी सगळी भांडी आम्हा पोरांत वाटली, पोळपाट-लाटणं मात्र पिशवीत घातलं. “आता कशाला लागतंय?” मी म्हटलं. “आसू दे,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला फार पोरकं वाटलं.

यंदा आमच्याच विभागाच्या प्रमुखपदासाठी मी अर्ज लिहिला. लिहून झाला, पण पाठवायला हात होईना. शेवटी जालन्याला फोन लावला.

“काकू, अर्ज वाचून दाखवायचाय.”

“थांब जरा.” काहीतरी सरकवल्याचा आवाज आला आणि मग पोळपाटावर लाटणं फिरायला लागलं.

“काकू, तुमचं मनगट!”

“कनिक न्हाय, रिकामंच फिरवतीये. वाच तू.”

मी वाचत गेलो. एवढ्या वर्षांत मी शिकलो होतो, लाटणं कुठंच अडलं नाही. आता शेवटचं वाक्य तेवढं उरलं होतं: ‘इथपर्यंत मी केवळ स्वतःच्या हिमतीवर पोहोचलो आहे.’

लाटणं थांबलं.

मी पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं.