पालथी कणगी

सावली या गावी असताना सायंसंध्या आटोपून मी ज्या वाटेने देवळात जाई, त्या वाटेवरील एका परसात एका गृहस्थांनी वेधशाळा उभारली होती. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. कमरेएवढी मातीची भिंत, आणि तिच्यावर घुमट म्हणून पालथी घातलेली धानाची कणगी! तिच्या बांबूच्या विणीत त्यांनी खिडकी कापली होती. ग्रह सरकला की ते खांदा लावून अख्खी कणगीच फिरवीत. आत पाण्याच्या नळीत भिंगे बसवून केलेली दुर्बीण होती.

"विश्वकर्माही लाजेल," मी एकदा म्हणालो.

"त्याच्या बायकोनं कणगी मागतली नसन, महाराज."

धानाची मळणी झाली होती. दुसऱ्या दिवशी कणगी रिकामी हवी, असे गृहिणींनी बजावले होते, आणि शनीचे कडे अद्याप दिसायचे होते. त्या सायंकाळी ते कडे सापडले. त्यांनी मला हाक मारली. दर शनिवारी तेल वाहणारा मी दारातच थबकलो.

"शनीच्या दृष्टीस पडू नये, असे शास्त्र आहे."

"तो जन्मभर आपल्याले पाहून राह्यला, महाराज. एक डाव आपण त्याले पाहू!"

मी पाहिले आणि नकळत हात जोडले. एवढ्यात गृहिणी आल्या.

"सरका, मले पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाहतो, तो धान पोत्यांत भरून ओसरीवर रचले होते. कणगी पालथीच होती. गृहस्थ बाहेर खांदा लावून उभे होते, आणि आतून आवाज आला,

"फिरवा ना लौकर! शनी पळून राह्यला!"