रिकामा दंड

आज लेकीच्या दंडाला अनंताचा रेशमी दोरा बांधताना ओल्या हळदीचा वास आला आणि मी कुंभकोणमच्या आमच्या घरात पोचले.

ऐंशीच्या दशकातली ती एक अनंतचतुर्दशी. पूजेला यमुना म्हणून तांब्यात कावेरीचंच पाणी भरलेलं. शाळेत गणित शिकवणारे माझे वडील, अप्पा, माझ्या दंडाला आधी नवा दोरा बांधत आणि मगच गेल्या वर्षीचा सोडत. दंड क्षणभरही रिकामा राहू नये, ही आमच्या घरची रीत.

"अप्पा, अनंत म्हणजे किती?" मी विचारलं.

"कितीही मोज, पुढे आणखी एक असतोच. या दोऱ्यांसारखा."

"पण सगळ्यात पहिला दोरा बांधला, तेव्हा दंड रिकामाच असेल ना?"

अप्पांची बोटं जुन्या गाठीवर थांबली. ते तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. त्यांना उत्तर येत नाही, असं वाटून मी खूश झाले होते.

आज लेकीनं तेच विचारलं, आणि माझीही बोटं गाठीवर थांबली. अप्पा तेव्हा काय करत होते, ते आत्ता कळलं. त्यांच्यासारखीच मीही मनात मागे मागे मोजत होते, माझ्याआधी हा दोरा बांधलेला एकेक दंड आठवत. मागे जाताना त्यात पहिला अप्पांचा होता.