होजिअरीवरचा सूर्य

कापड ताणल्याशिवाय भरतकाम होत नाही, असं माझं ठाम मत होतं. हे मत मी तीन टी-शर्टवर नोंदवलं.

त्याचं असं झालं. माझ्या बायकोने, वंदनाने, मनीषनगरच्या घरी भरतकामाचं मशीन घेतलं आणि महिनाभर फुलं काढून हात बसवला. (माझं एकही बनियन आता बिनफुलाचं नाही!) मग पहिली ऑर्डर आली. कॉलनीच्या योगवर्गाचे दहा टी-शर्ट, पातळ पांढरी होजिअरी, पोटावर मधोमध तळहाताएवढा केशरी सूर्य. वर्ग घेणाऱ्या मोहाडीकर मॅडम म्हणाल्या होत्या, काम पसंत पडलं तर शाळेचे टी-शर्टही तुमच्याकडेच. तेव्हापासून वंदनाचे पाय जमिनीवर नव्हते.

शुक्रवारी सकाळी ती खाप्याला भावाकडे निघाली.

"मशीनले हात नका लावू."

"मी काहून लावीन वं?"

आता, ज्या माणसाने नोकरीभर विजेचे मीटर उघडून पाहिले, त्याला असं सांगायचं म्हणजे आमंत्रणच की! मला फक्त एवढंच पाहायचं होतं, की मशीनला सूर्य गोल कसा जमतो.

टी-शर्ट कापड धरायच्या रिंगीत असा ताणून बसवला की टिचकी मारली तर डफासारखा वाजला. सूर्याचं डिझाइन मशीनमधे भरलेलंच होतं; नुसतं बटण दाबलं. खडखड खडखड! काय तो गोल गरगरीत सूर्य! मी चक्क हात जोडले. मग रिंग काढली. ताणलेली होजिअरी मागे सरकली आणि सूर्याचा पार पापड झाला. चहूबाजूंनी चुण्याच चुण्या!

ताण कमी पडला असणार! दुसरा आणखी ताणला, तो आणखी आकसला. (एक बिघडला तर अपघात, दोन बिघडले की संशोधन.) तिसरा ताणायला तर मी गुडघा लावला. मशीन सुरू केलं आणि तेवढ्यात वंदनाचा फोन आला.

"काय करून राहिले?"

"पेपर वाचून राहिलो."

"मंग खडखड कायची?"

"मिक्सर लावला."

"मिक्सर लावून पेपर वाचता?"

संध्याकाळच्या बसने ती घरी हजर! तिने तिन्ही टी-शर्ट पाहिले आणि ओरडली नाही. नुसती खाली बसली. "माझी पहिली ऑर्डर होती हो," म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी ती उरलेले सात घेऊन बसली. माझी लाज गेली असली तरी उत्सुकता जागीच होती.

"पण तू करते कशी वं?"

"होजिअरीले ताणाचंच नसते! रिंगीत अस्तर ताणाचं. टी-शर्ट त्याच्यावर नुसता निजवाचा, कडेनं टाचाचा. अन् सुई गोल टोकाची, म्हणजे कापडाले भोक पडत नाही. तुम्ही अस्तर कोणतं लावलं होतं?"

"अस्तर असते?"

तिने कपाळावर हात मारला. सातही सूर्य सपाट, देखणे निघाले. पण हवे होते दहा! दुकानात तसला माल संपला होता आणि योगवर्गाचा कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी, रविवारी. शेवटी तिचा राग उफाळला. "घाला आता तुम्हीच हे!" म्हणून तिने एक पापड माझ्या अंगावर फेकला. मी मुकाट्याने घातला.

"थांबा! हालू नका!" ती किंचाळली.

मी खाली पाहिलं. माझ्या पोटाने होजिअरी थेट रिंगीएवढी ताणली होती, आणि सूर्य पुन्हा गोल गरगरीत! एक चुणी नाही!

"वर्गात असे पोट अजून दोन आहेत," वंदना भराभर बोलू लागली. "वानखेडे भाऊ अन् बोबडे सर."

"अन् तिसरं?"

"तुम्ही नाव टाकलंच आहे वर्गात. गेले कधी?"

तिने मॅडमला सगळं खरं सांगितलं. मॅडमने मला पुढून, बाजूने नीट पाहिलं आणि हसत म्हणाल्या, "पास आहे जी! शाळेचंही काम तुम्हीच करा. फक्त हे तिघं रविवारी पोट आत नाही घेणार."

कार्यक्रम झकास झाला. तेव्हापासून मी रोज वर्गाला जातो. मधे पोट जरा उतरलं, तर सूर्याच्या कडेला बारीक चुणी दिसायला लागली. वंदनाने ती लगेच हेरली.

"अहो, माझं काम बिघडून राहिलं. घ्या, दोन पोळ्या अजून घ्या!"

अख्ख्या नागपुरात पोट सांभाळण्यासाठी योगा करणारा मी एकटाच असेन.