डॉक्टरबाईंची ओली साडी

आमच्या भागात डॉक्टरबाईंनी ज्याचं नख दाबलं नाही, असा माणूस अजून जन्मायचा आहे. मूळच्या आरमोरीच्या या बाई लहान मुलांच्या डॉक्टर. पण समोर कोणीही येवो, त्याचं बोट धरायचं, नख दाबून पांढरं करायचं आणि गुलाबी रंग किती लवकर परततो ते बघायचं, हाच त्यांचा रामराम. मूल गावातल्या एका लग्नात त्यांनी अक्षता टाकायच्या आधी नवरदेवाचं नख दाबलं आणि "रक्त बरोबर फिरून राह्यलं, लावा लग्न," असं जाहीर केलं. भर बाजारात कडेवर पोर दिसलं की विचारायच्या, "सकाळपासून लघवी केली काय यानं?" त्यांना 'नखवाली' हे नाव मीच ठेवलं आणि गावानं ते उचललं.

मग माझी लहानगी नात तापानं फणफणली. हातपाय गार पडले, तेव्हा ताप उतरला म्हणून आम्ही खूश झालो. तरी ती डोळे उघडेना, म्हणून दवाखान्यात नेली. बाईंनी नख दाबलं. रंग परत येईना. बाईंनी तिला तिथंच टेबलावर घेतलं.

मी ओरडलो, "गाडी उभी हाय, चंद्रपूरले नेतो!"

"गाडी थांबंल भाऊ, पोरगी नाई थांबत. जंतू रक्तात पसरले. हातापायाले रक्त पोचून नाई राह्यलं."

शीर सापडेना, तशी त्यांनी सरळ नडगीच्या हाडात सुई बसवली. मी त्यांना कसाई म्हणालो.

"म्हणा. पन पाय घट्ट धरा."

अँटिबायोटिक गेलं. सलाइन बाई स्वतःच्या हातानं थोडं थोडं ढकलत होत्या. दर वेळी छाती ऐकायची, पोट चाचपायचं, मगच पुढचं. शेवटी नातीनं त्यांची साडी भिजवली. अंगावर कोणी गुलाबपाणी शिंपडावं तशा बाई हसल्या. "केली रे बाप्पा, केली!" नखाला रंग आला, तेव्हाच त्यांनी गाडी सोडली, तीही स्वतः शेजारी बसून.

नात बरी होऊन आली. मी मात्र गावभर सांगत सुटलो, की चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यानं वाचवली, नखवालीनं नुसतं हाड टोचलं. ते बाईंच्या कानावर गेलंच असणार. तरी भेटल्या की एवढंच विचारायच्या, "पोरगी खेळते काय, भाऊ?" पुढे त्यांची बदली सिरोंच्याला झाली. निरोप द्यायला मी गेलो नाही.

नातीच्या नडगीवर बारीक ठिपका आहे. काटा रुतला होता, असं मी तिला सांगत आलो. काल सगळं खरं सांगितलं.

"मंग डॉक्टरबाईले हा ठिपका दाखवाले जाऊ ना, आबाजी."

"जाऊ. याच आठवड्यात जाऊ."

तिनं माझा अंगठा ओढून घेतला, नख दाबलं, आणि आम्ही दोघं रंग परत यायची वाट बघत बसलो.