फणसाच्या वतीने

लग्नाला बरीच वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं, आणि त्याचं कारण रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं. माझ्यात काही दोष नव्हता. नवऱ्याचे शुक्रजंतू कमी होते, आणि जे होते तेही आळशी. "घाबरू नका, सुधारतं," म्हणत बाईंनी त्याला पथ्यं घातली. सिगरेट बंद, कढत पाण्याची आंघोळ बंद, घट्ट जीन्स बंद, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा नाही, आणि पोट कमी करायचं. बाहेर पडल्यावर तो रिक्षा थांबवता थांबवता म्हणाला, "आईला इतक्यात नको सांगूया." मला त्याची दया आली आणि मी बरं म्हटलं.

सासरचं घर हातखंब्याच्या पुढे, आंब्याच्या बागेत. शनिवार-रविवार आम्ही तिथे. सासूबाईंना खरं कारण माहीत नसल्यामुळे त्यांनी सगळे उपाय माझ्यावर सुरू केले. शतावरी घातलेलं दूध, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं. मला गोडाचं वावडं, त्यामुळे ते सगळं नवऱ्याच्या पोटात जायचं. उपाय माझ्यासाठी, खाणारा तो, पोट सुटलं त्याचं, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई ओरडल्या मला. जीन्स बंद झाल्यावर तो फुलाफुलांच्या ढगळ पायजम्यात वावरू लागला. आईने विचारलं तर म्हणाला, आता हीच फॅशन आहे. गार पाण्याच्या आंघोळीला तर त्याने नवस म्हणून टाकलं.

सासूबाईंनी ते ताबडतोब शेजारच्या काकूंना सांगितलं. "बायकोची कूस उजवावी म्हणून पोर थंडीत गार पाण्याने न्हातोय हो!" काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही घरचा बंब मीच फोडला होता.

सासरे या विषयावर माझ्याशी कधी बोलले नाहीत. ते फक्त कलमांबद्दल बोलायचे. मी अंगणात दिसले की झाडाकडे बघत म्हणायचे, "सूनबाई, कलमाला घाई करून नाय चालत. यंदा नाय तर पुढल्या वर्षी धरील." कलम बिचारं दर वर्षी लगडलेलं असायचं. पण त्यांचा जीव तुटायचा हे मला कळत होतं, म्हणून मी मान डोलवायची.

त्या दिवाळीत आम्ही घरी होतो आणि संध्याकाळचं सूर्यग्रहण आलं. मागीलदारी एक फणस आहे, उंच, हिरवागार, पण आजवर एक कुयरी, म्हणजे कोवळा फणससुद्धा, नाही. आमच्याकडे रीत अशी की न धरणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळाने ठोकायचं आणि दरडावून विचारायचं, धरतोस की तोडू? झाडाच्या मागे एकाने उभं राहून झाडाच्या वतीने उत्तर द्यायचं, धरतो, धरतो. सासूबाईंनी माळ्यावरून मुसळ काढलं. त्यांच्या मनात होतं की ठोकताना मी फणसाला हात लावून उभं राहावं, म्हणजे एका कामात दोन कामं.

"आणि ती गरोदर असली तर?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "पोटुशीने ग्रहणात बाहेर पडायचं नसतं गो!"

मी गरोदर आहे की नाही हे त्या आठवड्यात मलाही सांगता आलं नसतं. गरोदर असेन तर घरात बसायला हवं, नसेन तर झाडापाशी. बराच खल झाला. शेवटी सासऱ्यांनी पडवीतून तोडगा काढला. सासूबाईंचं जुनं लुगडं आणलं, एक टोक फणसाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं खिडकीतून आत घेऊन माझ्या हातात दिलं. मी माजघरात पाटावर, लुगड्यापुरती खिडकी उघडी. मी एम.ए. झालेली आहे. लुगड्याचं टोक धरून मी बसून राहिले.

फणसाच्या वतीने बोलायला नवऱ्याला उभं केलं होतं, त्या फुलाफुलांच्या पायजम्यात. मुसळ दणकन बसलं. "धरतोस की तोडू?" सासूबाईंनी विचारलं.

उत्तर नाही.

"अरे बोल ना," काकू म्हणाल्या. परत दणका, परत प्रश्न, परत काही नाही. मग काकूंचा आवाज आला, "वांझ ती वांझच गो. झाड काय नि..." पुढचं त्यांनी गिळलं, पण मला ऐकू आलं. मला रडू फुटलं, आणि रडू आल्याचाच संताप आला. आत बसून हे ऐकायचं मी कोणासाठी पत्करलं होतं? मी लुगडं इतक्या जोरात ओढलं की खिडकीचं दार आपटून सताड उघडलं. नवऱ्याने वळून माझ्याकडे बघितलं.

"आई, त्याला नको मारू," तो म्हणाला. "दोष माझ्यात आहे. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. हिच्यात काही नाही. मीच हिला गप्प बसवलं."

काकूंना एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. ग्रहणात त्यांच्याकडे गॅस पेटतही नाही, पण त्या गेल्या.

सासूबाई मुसळ धरून उभ्याच होत्या. त्यांनी विचारलं, "लाडू कोण खात होता?"

"मीच."

"आणि त्या नवसाच्या आंघोळी?"

तो फणसाकडे तोंड करून उभा राहिला. सासूबाईंनी मुसळ आडवं केलं आणि त्याच्या पार्श्वभागावर हाणलं. "मेल्या, आता तू बोल. धरतोस की तोडू?"

"धरतो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. पडवीतून सासरे म्हणाले, "हळू गो, एकुलता एक आहे."

मी ग्रहण सुटायची वाट न बघता बाहेर आले. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी मुसळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घे. तू पण एक घाल."

मला नुसतं टेकवायचं होतं. पण मुसळ उचललं आणि ते लाडू, ते कलम, काकूंचं ते बघणं सगळं हातात उतरलं. दणका जोरात बसला. तो कळवळून फणसाला बिलगला.

"आणखी एक," सासूबाई म्हणाल्या.