खडूची काहील

आमचे आबा गुऱ्हाळावर चुलवाण जाळायचे, म्हणजे काहिलीखालच्या, रस उकळायच्या मोठ्या कढईखालच्या भट्टीत उसाची चिपाडं ढकलायचे. रान आमचं नव्हतं. म्हैस दुसऱ्याची, वाट्यानं केलेली. आई लोकांच्या उसात भांगलायला, तण काढायला जायची. एका हंगामात काहील उतरवताना उकळता पाक आबांच्या अंगावर आला. कोल्हापूरला दवाखान्यात नेलं, तिथून ते परत आले नाहीत. दिवसकार्याला गुऱ्हाळाच्या मालकानं गुळाची ढेप पाठवली. आईनं ती म्हशीच्या गव्हाणीत टाकली. त्यानंतर आमच्या घरात गूळ आला नाही.

आणि मी बोलायची थांबले. ठरवून नव्हे. तोंड उघडायची, पण आत काही नसायचंच.

तिसरीचा वर्ग गावाच्या कडेला होता. हंगाम लागला की उकळत्या रसाचा वास खिडकीतून सरळ आत यायचा. बाकीच्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं. मला वाटायचं, आबा दाराबाहेर उभे आहेत, अंगावरची राख झटकताहेत, पण आत येत नाहीत. मी दाराकडं पाठ करून बसायची.

एकदा मामा आला आणि आईला म्हणाला, "बोलत न्हाई, वाचत न्हाई, हजेरीला ओ देत न्हाई. कशाला धाडतीस साळंला? घरात ठीव, धाकट्या भावाला तरी सांभाळंल."

"सुट्टी लागंपातूर बघू," आई म्हणाली.

म्हणजे उन्हाळ्यापर्यंतच. मला शाळा हवी होती. पण ते सांगायलासुद्धा तोंडच लागतं.

त्या वर्षी आम्हाला नवीन बाई होत्या. कोल्हापूरच्या राजारामपुरीतून रोज यायच्या. माझा बाप गेलाय एवढं त्यांना माहीत होतं. कसा गेला, ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वर्ग गुऱ्हाळ बघायला नेला. त्या दिवशी आईनं मला घरीच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चटया गुंडाळायला लावल्या आणि फरशीवर खडूनं मोठा गोल काढला.

"ही आपली काहील. काल बघितलं ते आज करून दाखवायचं."

झाली की गडबड सुरू.

"बाई, मी चरकाचं इंजान हुणार!"

"व्हय बाई, त्याला इंजानच करा. तसंबी त्याचं तोंड बंद हुत न्हाई."

एक पोरगा पट्टी घेऊन पाक ढवळणारा गुळव्या झाला. दोघी चुलवाणापुढं बसल्या. मी भिंतीला टेकून होते.

"आला का रं पाक?"

"आला की! उचला!"

चौघं काहील उचलायला वाकले. तेवढ्यात इंजिन झालेला पोरगा घुर्रर्र करत उलटा उलटा गोलाकडं आला. त्याची टाच रेघेवर पडली.

"सरा बाजूला! काहील उठली!"

आवाज जाड होता, खरखरीत. माझा होता, हे मलाही उशिरा कळलं. गुऱ्हाळावर काहील हलवायच्या आधी हीच हाळी देतात. पोरगा उडी मारून भिंतीला चिकटला.

"बाई, ही बोलली की!" कुणीतरी म्हणालं.

बाई माझ्यापुढं फरशीवर बसल्या. "कुठं ऐकलंस हे?"

"आबा द्यायचे हाळी. त्यादिशी ते चुलवाणापाशी खाली वाकलेले. मी डबा घिऊन गेलतो. कुणी हाळीच दिली न्हाई."

बाईंनी मला जवळ घेतलं नाही, की काही समजावलं नाही. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मग कुणी कुठं उभं राहायचं, ते तू लावून दे."

मी एकेकाला दंडाला धरून लावलं. हाळी द्यायला एक पोरगी वेगळी उभी केली. बाईंनी फळ्यावर शब्द लिहिले आणि मी ते मोठ्यानं वाचले. काहील. पाक. मळी. 'चुलवाण'ला आवाज अडकला. बाई थांबल्या. मी परत वाचलं.

संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. "ताई, तुमची मुलगी आज बोलली. वाचलंसुद्धा."

"काय बोलली?" आईनं विचारलं.

बाई सांगेनात. मग मीच सांगितलं. आई चुलीपुढं बसली होती. दूध उतू गेलं तरी उठली नाही.

मामा परत आला तेव्हा ती म्हणाली, "पोरगी साळंतच जाणार. धाकट्याला मी रानात घिऊन जाईन की."

पण म्हणून दाराबाहेर उभे असलेले आबा निघून गेले, असं नाही. पुढं कोल्हापूरला कॉलेजात, प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात काही उकळायला लागलं की पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. मी वळून बघायची नाही. उकळू द्यायची आणि निरीक्षण लिहायची.

मी बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेलं मी पहिलं माणूस.