नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. करमाडच्या एका ताईंच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये घाण मी भरली आणि आळ त्यांच्या दिरावर घेतला.

तेव्हा शहागंजात माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. शहर मात्र जालना रोडनं शेंद्र्याकडं पळत सुटलेलं; टँकरची वाट बघत मांडलेल्या ड्रमांच्या मागंच नव्या फ्लॅटच्या पाट्या. दुष्काळाच्या मदतीचा अर्जसुद्धा ऑनलाइन भरायचा, म्हणून गावोगाव फॉर्म भरायची सेंटरं निघाली. मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती आणि खरं सांगायचं तर मी खुशीत होतो.

विंडोज टाकून झालं की बाकीचं टाकायचं: ब्राउझर, मराठी फॉन्ट, व्हिडिओचा प्लेअर. एकेक वस्तू तिच्या मूळ साइटवरून कोण उतरवत बसणार? एका फुकट्या साइटवर मोठं हिरवं बटण दिसेल तिथं दाबून मी सगळं एकदाच पेनड्राइव्हवर भरून ठेवलं होतं. तो लावायचा आणि नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मधल्या एका पानावर बारीक अक्षरांत, आधीच टिक केलेले चौकोन असायचे: हा टूलबारही टाका, शोधायचं पानही बदला. मला ते दिसायचे. टिक काढायला एक क्लिक पुरायची. मी काढत नव्हतो.

ताई घराच्या पुढच्या खोलीत सेंटर चालवायच्या. दुपारी त्यांचा दीर बसायचा. बी.ए. झालेला, नोकरीच्या शोधात. त्याचं टायपिंग लई फास्ट, हे ताईच कौतुकानं सांगायच्या. माझ्याकडून कॉम्प्युटर नेऊन पंधरा दिवस झाले असतील, ताई चादरीत गुंडाळलेला सीपीयू मांडीवर घेऊन एसटीनं आल्या. सोबत दीर.

"दादा, फॉर्म उघडायला गेलं की उघड्यानागड्या जाहिराती येतात हो. काल बाया रांगेत होत्या, तोंडाला पदर लावून उठून गेल्या. सासरे म्हणतात, बंद कर हे."

मी मशीन चालू केलं. ब्राउझरच्या डोक्यावर माझाच, टिक न काढलेला टूलबार बसला होता; जाहिराती तोच आणत होता. बाकड्यावर तीन गिऱ्हाइकं होती. मी मान वर न करता विचारलं, "घरात कुणी नको ते बघतं का, ताई?"

"दुपारची ड्युटी कुणाची हाय?" बाकड्यावरून एकजण म्हणाला. सगळे हसले.

"वहिनी, आईची शपथ, मी नाय काय बघितलं."

ताईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "दादांना काय खोटं बोलायचं कारण हाय?"

मी मशीन साफ करून दिलं. ताईंनी आभार मानले. सेंटर वाचलं. दीर त्या खुर्चीवर परत बसला नाही. शेंद्र्याला एका कंपनीत माल चढवायला लागला.

त्याच संध्याकाळी मी तो पेनड्राइव्ह कोरा केला. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट जिच्या तिच्या साइटवरून उतरवतो, काय टाकायचं ते आपल्याला ठरवू देणारं 'कस्टम' निवडतो, प्रत्येक पान वाचतो, नको त्या चौकोनातली टिक काढतो. रोजच्या वापराला वेगळं खातं करून देतो, म्हणजे पासवर्ड विचारल्याशिवाय काही आत शिरत नाही. ब्राउझरला काही चिकटलंय का, ते शेवटी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून दाखवतो. वेळ लागतो. "काका, मशीन देताय का पोरगी?" असं एकानं विचारलं होतं. विचारू दे. कोरं, स्वच्छ पान झटकन उघडतं तेव्हा मला अजून बरं वाटतं. माझे दिवस चांगले जातात, हेही लपवत नाही.

ताई अजून माझ्याकडंच येतात. आता त्यांच्याकडं तीन कॉम्प्युटर आहेत. परवा सांगत होत्या, दीर फोर्कलिफ्ट चालवतो, दोन लेकरं आहेत, सगळं बरंय. पण सेंटरच्या खोलीत पाय ठेवत नाही. 

करमाडला जाऊन, ताईंच्या आणि त्यांच्या सासऱ्यांच्या समोर, 'ते मी केलं होतं, यानं नाही' एवढं म्हणणं मी त्या माणसाचं देणं लागतो. ते मी अजून म्हटलेलं नाही.